कानातला फाया

थंडीत शनिवार उजाडला की पुण्याच्या माणसाला खेडं आठवतं. एरवी खेड्यातलं कुणी पत्ता विचारायला थांबलं तर हा घड्याळ बघतो. पण हुरड्याचे दिवस आले की गाडीत सतरंजी टाकून हाच त्यांच्या दारात जातो आणि म्हणतो, काय हो हवा तुमच्याकडे! इम्तियाजभाई अत्तरवाले मात्र हवा खायला निघाले नव्हते. ते बायकोचं नाक शोधायला निघाले होते.

जरीनाचं नाक चार महिन्यांपूर्वी गेलं. म्हणजे होतं जागेवरच, चष्मा त्याच्यावरच टेकत होता, पण आतलं गेलं. आठ दिवस ताप आला, उतरला, आणि सकाळचा चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागला. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल, वाट बघा. दुसऱ्या कुणाला बघता आली असती वाट. बुधवार पेठेतल्या त्यांच्या चिमुकल्या दुकानात इम्तियाजभाई पुढे बसत, गोड बोलत, गिऱ्हाइकाच्या मनगटाला काडी लावत. पण अत्तर मिसळायचं काम जरीनाचं. केवडा किती, हिना किती, ते तिचं नाक सांगे. आता ते काही सांगत नाही, हे फक्त नवराबायकोला ठाऊक होतं. जुन्या ठरलेल्या मापांवर दुकान कसंबसं चाललं होतं.

आणि अकरा दिवसांवर पुतणीचं, अलफियाचं लग्न आलं होतं. घरातल्या नवरीचं अत्तर घरातली थोरली बाई करते, आणि त्याला माप नसतं. नवरीनं काही न लावता यायचं, मनगट पुढे करायचं. आधी मुलगी हुंगायची, मग अत्तर मिसळायचं, असं जरीनाला तिच्या सासूनं शिकवलं होतं. पोरगी दोनदा मनगट घेऊन येऊन गेली. एकदा जरीनानं सर्दी सांगितली, एकदा डोकेदुखी. तिसऱ्यांदा काय सांगायचं? खरं सांगायची तिला लाज वाटत होती, आणि अंदाजे काहीतरी मिसळून द्यायची त्याहून जास्त.

"तिकडे वास मोठे असतात," इम्तियाजभाई म्हणाले. तिकडे म्हणजे संपतकडे. संपत मार्केट यार्डात फुलं घेऊन येई, दोघांची वीस वर्षांची ओळख. या एकदा, असं तोही वीस वर्षं म्हणत होता.

वाघोली मागे पडली, केसनंदचा फाटा आला, इमारती विरळ होत होत संपल्या आणि धुकं सुरू झालं. गाडी त्यात शिरली तशी जरीनाला वाटलं, आपण अजून उठलोच नाही, अंथरुणातच आहोत. धुक्यातून एक बैलजोडी आली आणि आवाज न करता गेली. एका ओट्यावर एक म्हातारा पाटीभर वांगी मांडून स्वतः डुलक्या काढत होता. नदीच्या काठी बगळे उभे होते, आणि पाणी कुठे संपतं, धुकं कुठे लागतं, काही कळत नव्हतं. इम्तियाजभाई दर गावाला गाडी थांबवत. गुऱ्हाळाशी थांबले, कढईत रस रटरटत होता. नुकत्याच भिजवलेल्या कांद्याच्या वाफ्याशी थांबले. शेळ्यांच्या वाड्याशीसुद्धा थांबले, आणि तिथे त्यांनी स्वतःच्या नाकाला रुमाल लावला.

"काही?" ते प्रत्येक ठिकाणी विचारत.

"काही नाही," ती म्हणे.

सगळं काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखं होतं. दिसत होतं, फार सुंदर दिसत होतं, पण हात घातला तर काच लागत होती. दुपारी संपतच्या शेतात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली, संपतच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, ती तळहातावर चोळून कोवळे हिरवे दाणे जरीनाच्या ओंजळीत ओतले. जरीना खात राहिली. दाणे गरम होते, मऊ होते, एवढंच कळलं. मग ती बाभळीच्या सावलीत आडवी झाली आणि वरच्या पानांतून हलणारं ऊन बघता बघता तिचा डोळा लागला. स्वप्नात अलफिया मनगट पुढे करून उभी होती, आणि मनगट काचेचं होतं.

रात्री मुक्काम संपतकडेच होता, आणि त्याच रात्री त्याची गाय व्याली. पहिलटकरीण होती. रविवारी सकाळी इम्तियाजभाईंनी वासरू पाहिलं आणि त्यांचं भान हरपलं. शहरातला माणूस, त्यातून हळवा. थरथरतं ते गोजिरवाणं पोर त्यांनी उचलून छातीशी धरलं, गळ्यात घेतलं, त्याच्या कपाळाला गाल घासला. अंग कसं मखमलीचं हाय, असं संपतच्याच भाषेत म्हणालेसुद्धा.

पुढे व्हायचं तेच झालं. वासरू लुचायला गेलं तर गाईनं ते हुंगलं, फुरफुरली, आणि लाथ झाडली. पुन्हा गेलं, पुन्हा लाथ. मुक्ताबाई आली, वाकली, वासराची मान तिनं हुंगली आणि सरळ उभी राहिली.

"कुणी धरलं हुतं ह्याला?"

इम्तियाजभाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

बत्तीस वर्षं जरीना या माणसाला बघत होती. पहाटे अंघोळ झाली की कानात अत्तराचा फाया, मगच सदरा. अत्तरवाल्याचा कान हीच दुकानाची पाटी, असं त्यांचे वडील सांगत, आणि इम्तियाजभाई चालायला लागल्यापासून त्यांच्या कानात कापूस होता. नोटा, उशी, स्कूटरची सीट, सगळ्याला हिना. त्यांना स्वतःला तो येतच नसे. आता तो त्या वासराच्या अंगाला लागला होता, आणि आईला ते परकं झालं होतं.

"तिला वाटतंय, ह्ये आपलं न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. मग संपतकडे वळली. "आदी पावन्यास्नी मोटरीच्या पान्याखाली घाला. आन् त्यो कानातला बोळा काडा. चांगलं घासा, लाजू नगा."

संपत पाहुण्याला घेऊन गेला. मुक्ताबाईनं कोमट पाण्यानं वासरू पुसलं, पेंढ्यानं चोळलं, मग गाईचंच दूध काढून त्याच्या पाठीवर, मानेवर लावलं. जरीना वासराला धरून बसली होती. बसल्या बसल्या तिनं चार महिने कुणाला न सांगितलेलं या बाईला सांगून टाकलं. नाक, अलफिया, मनगट, सगळं.

मुक्ताबाईनं हात न थांबवता ऐकून घेतलं. "बगा की," ती म्हणाली, "हिला नगं त्यो वास येतुय, आन् तुमाला हवा त्यो येईना. देवाचं वाटप बी आपल्या तलाठ्यासारखंच हाय."

जरीनाला हसू आलं आणि हसता हसता रडूही. मुक्ताबाईनं तिला रडू दिलं.

गाईनं वेळ घेतला. हुंगायची, मान वळवायची, पुन्हा हुंगायची. गोठ्यात उन्हाचा एक पट्टा हळूहळू सरकत होता आणि त्यात भुशाचे कण तरंगत होते. मग तिनं जीभ काढून वासराच्या पाठीवरचं दूध चाटलं. एकदा. मग मान. मग सगळंच पोर चाटायला लागली, आणि ते धडपडत कासेशी गेलं. या वेळी तिनं पाय हलवला नाही.

जरीना गोठ्याच्या दाराकडे पाठ करून बसली होती. मागे कुणीतरी आलं. पावलांचा आवाज नव्हता, पण कुणीतरी आलं हे तिला कळलं. उन्हात वाळलेल्या मडक्यासारखं काहीतरी, थोडं खारट, थोडं बदामाच्या सालीसारखं. अनोळखी.

"कोण आहे?" तिनं न वळता विचारलं.

"मी," इम्तियाजभाई म्हणाले.

ती वळली. कमरेला संपतचं धोतर, उघडं अंग, केसांतून पाणी, दोन्ही कान रिकामे. थंडीनं कुडकुडत होते आणि चेहरा गुन्हेगाराचा होता. ती उठली, जवळ गेली, आणि मुक्ताबाईचीही पर्वा न करता तिनं त्यांच्या मानेशी नाक नेलं. वास तिथूनच येत होता. पुसट होता, मध्येच जात होता, पण येत होता. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मुलं झाली, आणि आपल्या नवऱ्याचा वास तिला पहिल्यांदा आला होता.

मुक्ताबाईनं लगबगीनं बादली उचलली आणि चारा बघायला म्हणून बाहेर गेली.

"येतोय?" इम्तियाजभाईंनी हळूच विचारलं.

"येतोय."

"कसा आहे?"

"बरा आहे," जरीना म्हणाली. "उगाच झाकून ठेवलात."

दुपारी निघताना त्यांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशातून कुपी काढली आणि कापसाचा बोळा वळला. जरीनानं तो त्यांच्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला. गाडी फाट्याला लागेपर्यंत ती त्यांच्या खांद्याशी डोकं ठेवून होती. वाघोलीच्या इमारती दिसायला लागल्या तशी ती सरळ बसली.

"अलफियाला फोन करा," ती म्हणाली. "मंगळवारी ये म्हणावं. आणि अंगाला काही न लावता ये."