वजा केलेलं वय

छकुली दिवस भरायच्या आधीच जन्मली, मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा नर्सने तिच्या आईला, टेलरबाईंना, बजावलं होतं, "दोन वर्षांची होईपर्यंत हिचं वय मोजताना कमी पडलेले महिने वजा धरा." बाईंनी वजाबाकी धरली ती धरलीच. सोडतील तर शपथ!

दुकानात माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, "ही कितीची?" सात म्हटलं की भुवया वर. "अगंबाई, सात? वाटत नाही हो!" मग मुद्दाम आपली पोरगी शेजारी उभी करणार. एकदा बाईंच्या तोंडून "पाच" निघून गेलं. झालं! "किती चुणचुणीत आहे हो!" म्हणत गिऱ्हाइकाने छकुलीचा गालगुच्चा घेतला. तेव्हापासून दुकानात पाचच.

शाळेत मात्र सातच. तिथे तिची अक्षरं ओळीवरून घसरायची, चालताना ती दाराच्या चौकटीला धडकायची. शिक्षिकेने समजावलं, "लवकर जन्मलेल्या काही मुलांना पुढेही मदत लागते. आता सुरू केली तर सुधारेल. डॉक्टरांना दाखवाच."

बाई खरं सांगायचं ठरवूनच निघाल्या होत्या. पण डॉक्टरांचं दार सताड उघडं, आणि बाहेरच्या बाकावर तीच गालगुच्चावाली, कान टवकारून.

"वय?"

"पाच," बाई म्हणाल्या. स्वतःचीच किळस आली त्यांना, पण शब्द काही मागे घेववेना.

डॉक्टरांनी छकुलीला एका पायावर उभं केलं, बटणं लावायला दिली. जीभ बाहेर काढून तिने दोन लावली, तिसरं भलत्याच काजात गेलं.

"पाचच्या मानाने ठीक आहे. काही उपचार नकोत, घरी जा," डॉक्टर हसले. "काय गं, खरंच पाच ना?"

छकुलीने बाकावरच्या बाईकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, इथं किती सांगायचं?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं बाईंना. आपली लाज पोरीने पाठ केली होती, पाढ्यासारखी.

"सात," त्या म्हणाल्या, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "सात पूर्ण झालीत, डॉक्टर. मी खोटं बोलले."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी बटणं सोडून पुन्हा छकुलीपुढे ठेवली.

छकुलीचे डोळे भरून आले. "माझं बटण चुकलं म्हणून वय वाढवलंस?"

"नाही गं राणी. मी चुकले," बाई म्हणाल्या. पण लेकीकडे बघायला त्यांची मान काही वर होईना.