उघडी बोटं

अर्डिथने पिठाच्या पिशवीचा कागद फाडला आणि आणखी एक चिठोरं पुस्तकात खोचलं. बाविसावं. पुस्तक आता पिसं फुलवून बसलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं.

"आई, लिओनाबाई ब्याऐंशीच्या आहेत बिचाऱ्या," सून डार्लीन म्हणाली. "त्यांचं पुस्तक छान आहे म्हणा, चहा पाजा, मोकळ्या व्हा."

"तिच्या पहिल्या पुस्तकाला मी छान म्हटलं होतं, ते छान होतं म्हणून. याला म्हटलं, तर त्या छानची काय किंमत राहिली?"

डार्लीन गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.

अर्डिथची शाळा तिसरीतच सुटली होती. ती वाचायला शिकली ती लिओनाच्या पुस्तकांवर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर, माशांच्या कारखान्यात, दोघींनी दोन उन्हाळे एकाच टेबलाशी उभं राहून सार्डिन माशांची डोकी कात्रीने कापून ते डब्यांत भरले होते. मग लिओना बोस्टनला गेली, मोठी लेखिका झाली, म्हातारपणी परत आली. सात कादंबऱ्या, सातही सोन्यासारख्या. आणि ही आठवी! हिच्यात बायका मासे कमी कापत होत्या आणि समुद्राकडे बघत उसासे जास्त टाकत होत्या. वर्तमानपत्रांनी वाहवा केली होती. त्यांच्यापैकी कुणी कधी मासा कापला होता?

तीनच्या ठोक्याला लिओना आली. तिने कोटही काढला नाही. तिची नजर आधी चिठोऱ्यांवर गेली.

"एवढ्या चुका?"

"बस आधी. बिस्किट घे, काकवीचं आहे." अर्डिथने पुस्तक उघडलं. "पान चाळीस. तुझी पर्ल उघड्या बोटांनी कात्री चालवते. दुपारपर्यंत तिची पेरं माशांच्या डोक्यांबरोबर टोपलीत गेली असती. बाई गं, तुला झालंय तरी काय?"

लिओना हसेल, नाहीतर भांडेल, असं अर्डिथला वाटलं होतं. दोन्हीची तिची तयारी होती. लिओनाने नुसता अंगठा बोटांवरून फिरवला.

"आपण बोटांना काही बांधायचो का गं?"

उरलेल्या एकवीस चुका अर्डिथच्या जिभेवर होत्या. तिने पुस्तक मिटलं. मग एकेक करून सगळी चिठोरी ओढून काढली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. खणातून कापडी चिकटपट्टी आणली.

"हात पुढे कर."

लिओनाने उजवा हात पुढे केला. डाव्या हाताने पट्टी गुंडाळणं तिला कधीच जमलं नव्हतं. दोन्ही उन्हाळे रोज सकाळी अर्डिथच बांधून द्यायची. अर्डिथने दातांनी पट्टी तोडली आणि पहिलं बोट बांधलं. सांगायच्या आतच दुसरं पुढे आलं. मग तिसरं. शेवटी अंगठा आपणहून वर झाला.

"गच्च नको," लिओना एकदम म्हणाली. "मुंग्या येतात. तू नेहमीच गच्च बांधायचीस, मेली!"

अर्डिथने मान वर केली नाही. पट्टीचं टोक नखाने दाबून बसवलं.

"म्हणून दहाच्या दहा शाबूत आहेत तुझी. उद्या आठ वाजता ये. नवी वही आण. मी सांगेन, तू लिही." तिने चहाचा कप लिओनाच्या बांधलेल्या हातात दिला. "आणि या वेळी समुद्राकडे बघत कुणी बसायचं नाही."