वापरात नसलेली जागा

हेमाली ग्रामपंचायतीवर निवडून आली, त्याच महिन्यात नव्या सदस्यांना पालघरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी हजेरीवर सही करून ती सकाळच्या चहाच्या सुट्टीतच सटकली. नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं, बोईसरला साड्या घ्यायच्या होत्या. पुढचे दोन दिवस तर ती फिरकलीच नाही. "पंचायत काय वह्या लिहून चालते?" म्हणाली.

चार महिन्यांनी मासिक सभेत एक ठराव आला. त्यात गट नंबर, क्षेत्रफळ आणि 'वापरात नसलेली जागा' एका कारखान्याला गाड्या उभ्या करायला द्यावी, एवढंच होतं. घरी पाहुणे यायचे होते. हेमालीने न वाचताच सही ठोकली.

ती जागा म्हणजे किनाऱ्यालगतचं मैदान. गावातल्या बाया तिथे बांबूंवर बोंबील सुकवायच्या. तारेचं कुंपण पडलं तेव्हा बाया सरपंचाच्या दारात गेल्या. हेमालीही गेली, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडली. आपली सही कशावर झाली, हे तोवर तिला कळून चुकलं होतं.

तिची मावशी साखरबाई मग शेजाऱ्यांच्या गच्चीवर मासळी वाळवू लागली. एकदा टोपली घेऊन जिना चढताना घसरली, खुब्याचं हाड मोडलं. हेमाली रोज तिला पेज नेऊन द्यायची. सहीचं मात्र तिने सांगितलं नव्हतं.

यंदा पुन्हा प्रशिक्षण लागलं. हेमाली तिन्ही दिवस पहिल्या रांगेत बसली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "गट नंबर वाचला की उठा, आधी जागेवर जाऊन या. तिथे कोण काय करतं ते बघा, मगच सही."

जेवताना हेमालीने हळूच विचारलं, "हे मागच्या वेळी पण शिकवलं होतं?"

"दरवेळी शिकवते. पहिल्याच दिवशी, दुपारी."



प्रशिक्षण संपवून ती थेट मावशीकडे गेली. साखरबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"मावशी, त्या कागदावर माझी पण सई हाय. वाचला नव्हता मी."

साखरबाईने मान वर केली नाही. "म्हाईत हाय. कुंपण पडलं तवाच नातीनं पंचायतीच्या फळ्यावरच्या ठरावातली नावं वाचून दाखवली. तू कदी सांगतेस ते बघत होते."

"एवढे दिवस माझ्या हातची पेज खाल्लीस?"

"भूक लागायची ना. आता मला सांगून काय उपेग? सबेत सांग."

ग्रामसभेत हेमाली उभी राहिली. सगळं सांगितलं. हजेरीची सही, साड्या, ठराव. कुणी म्हणालं राजीनामा दे, कुणी नुसतंच तोंड फिरवलं. जागा परत मागण्याचा ठराव त्याच दिवशी झाला. कागद आता तहसीलला आहेत, कुंपण अजून हललेलं नाही.

हल्ली सभेच्या आदल्या दिवशी हेमाली विषयपत्रिका घेऊन मासळीबाजारात जाते आणि बायांना एकेक विषय वाचून दाखवते. साखरबाई काठी टेकत येते, ऐकते, मधेच जागा कुठली म्हणून विचारते. पूर्वी ती हेमालीला 'पोरी' म्हणायची. आता 'मेंबर' म्हणते.