डोळ्यांवरच्या पट्टीचे सात दिवस

शामरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बजावलं, सात दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. मुलगा उमाकांत विमा कंपनीच्या कामासाठी कोट्याला गेलेला. जयपूरच्या जवाहर नगरमधल्या दोन खोल्यांत उरले सासरे आणि सून रत्नमाला.

साताऱ्याहून येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. भाजी दारात येई, दूध दारात येई आणि उमाकांत म्हणे, "एकटी जाऊ नकोस कुठं, हरवशील." खिडकीतून दिसेल तेवढंच जयपूर तिनं पाहिलेलं. आता लूच्या गरम झळा सुटल्यामुळं खिडकीही बंद होती.

टपालानं येणारा मराठी पेपर शामरावांना पहिल्या पानापासून, निधनवार्तांसकट ऐकायचा असे. एखादी ओळ गाळली तरी ते ओळखत. मंगळवारी सगळे पेपर संपले. मग तिनं स्वतःच्या गादीखालचं मासिक काढलं. बसनं एकटीच लडाखला गेलेल्या एका बाईचा लेख होता त्यात.

"हे कसलं वाचतेस?" ते कुरकुरले. पण बस घाटात अडकली आणि एका म्हातारीनं सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा तेच म्हणाले, "थांबू नकोस."

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर समुद्राच्या तळाचा माहितीपट लागला.

"काय दिसतंय, सांग की."

टीव्ही काळापांढरा होता. तिनं मासे केशरी केले, पाणी हिरवं केलं. बोलता बोलता पडदा विझला, तरी ती थांबली नाही. "आता पाणबुड्या खाली उतरतोय, मामंजी. बुडालेलं गलबत दिसतंय. त्याचं दार उघडं आहे..."

"वीज गेलीय ना?" शामराव म्हणाले. "कूलर बंद पडलाय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो."

"आणि घाटात सगळ्यांना चहा पाजणारी ती म्हातारी? तीही लेखात नव्हती?"

"नव्हती."

शामरावांनी गळ्यावरचा घाम पुसला. उशी घामानं भिजली होती.

"चार दिवसांत माझा जीव गुदमरला. तू दीड वर्ष कसं काढलंस गं?"

पेपरची घडी घेऊन ती त्यांना वारा घालू लागली.

"बरं, तो पाणबुड्या आत शिरला का?"

"शिरला," ती म्हणाली आणि अंधारात पुढं सांगू लागली.

रविवारी पट्टी सुटली, उमाकांतही परतला. सोमवारी शामरावांनी पेपर स्वतःच उघडला. दुपार झाली तरी तिला कुणी हाक मारली नाही. त्यांची सुटका झाली होती. ती मात्र होती तिथंच होती. सांडशी हातात धरून ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग तिनं चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" उमाकांतनं विचारलं. "रविवारी नेतो की मी."

"संध्याकाळपर्यंत येते."

"हरवशील."

"विचारत विचारत येईन."

शामरावांनी पेपर खाली घेतला.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "कहाँ जाना है, बहनजी?" तिला एकाही ठिकाणाचं नाव आठवेना. पुढच्या बाईनं दुर्गापुऱ्याचं तिकीट घेतलं होतं. तिनंही तेच मागितलं.