पांघरुणाबाहेरचा पाय

चाळिशी ओलांडली तरी घरात तिला चिमीच म्हणत. लोकांची तैलचित्रं रंगवणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. कुणाची निवृत्ती, कुणाचे गेलेले आजोबा. फोटो आणून दिला की चिमी माणूस उभा करायची. आई थट्टा करायची, "तुझी सगळी माणसं आत्ताच दाढी करून आल्यासारखी दिसतात. बायकासुद्धा."

आई गेली, तेव्हा बाबांनी तिचा लग्नातला फोटो चिमीपुढे ठेवला. "हिचं कर. दिवाणखान्यात लावू."

चिमीने रेखाटन केलं आणि तिथेच अडली. फोटोतली मुलगी देखणी होती, पण चिमीच्या ओळखीची नव्हती. तिने तो कॅनव्हास बाजूला ठेवला, दुसरा घेतला. त्यावर आजारपणातली आई उतरली: उशीला टेकलेली, डोक्याला रुमाल, गाल बसलेले, आणि औषधाचा चमचा समोर आला की व्हायचा तसा वाकडा चेहरा. रंगवताना चिमी रडत होती, पण थांबली नाही.

दादा नोकरीसाठी लांबच्या शहरात असायचा. तो सुट्टीला आला आणि चित्र पाहून त्याचा आवाज चढला. "अगं, आईचे हाल काय भिंतीवर टांगायचेत?"

"मला ती अशीच दिसते रे."

"मला नाही दिसत."

तेवढ्यात बाबा चष्मा पुसत पुढे आले. बराच वेळ पाहत राहिले. आता हे चिडणार, असं दोघांनाही वाटलं.

"चादर चुकली," बाबा म्हणाले. "इतकी नीट कधी नसायची. डावा पाय बाहेर काढायची. मी पांघरूण घालायचो, ही परत काढायची. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांतली ती नव्हतीच. उकडतंय म्हणायची, आणि पाय बघावा तर बर्फासारखा गार."

बोलता बोलता ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड हातांनी झाकलं. आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

दादा त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"बाबा, फोनवर तुम्ही नेहमी 'बरी आहे' म्हणायचात."

"तीच म्हणायला लावायची. त्याच्या जिवाला उगाच घोर नको, म्हणायची."

"मग आता सांगा. सगळं सांगा."

बाबा अडखळत सांगू लागले. कोणत्या रात्री ती झोपली नाही, कोणत्या दिवशी खळखळून हसली. चिमीने ऐकता ऐकता चादर पुसली आणि तिथे पाय रंगवायला घेतला. मध्येच बाबा म्हणाले, "टाचेला भेगा दाखव," आणि पुन्हा दादाकडे वळले.

लग्नातलं चित्र चिमीने पुढे पुरं केलंच नाही. दिवाणखान्यात तो फोटोच लागला. दुसरं चित्र बाबांच्या खोलीत आहे. दादा हल्ली आला की बॅग ठेवून आधी तिकडे जातो. तो बाहेर आला की चिमी चहा टाकते आणि त्याच्या शेजारी बसून राहते.