दोघींची फाइल

"हं, दाबा आज्जी!"

झुंबरबाईंनी कीबोर्डवरच्या 'सेव्ह'वर असं बोट दाबलं, जणू ढेकूणच चिरडला. फोनवर इचलकरंजीच्या मागाच्या शेडमधून धाकटी सून निशिगंधा ओरडली, "मीपण दाबलं!"

सईनं फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर साडीच्या डिझाइनचा काठ मधोमध तुटला होता. अर्धे मोर, अर्ध्या कोयऱ्या. ऑर्डरच्या नवरीच्या साडीवर विणून उतरला होता, तस्साच.

दाराशी थोरली सून पद्मजा, सईची आई, बॅगेची चेन ओढत होती. तिचा भाऊ गडहिंग्लजहून तिला माहेरी न्यायला निघाला होता.

"म्हंजे आता मी नासवलं व्हय?" झुंबरबाईंचा आवाज चढला.

"कुणीच न्हाय, आज्जी. एका वेळी एकीनंच लिहावं म्हणून फाइलीला कुलूप हाय. लाईन जाऊन आली की कुलपाची जुनी परवानगी उशिरा पोचते. ही मशीन तीच खरी धरते. तोवर कुलूप काकूला मिळालेलं असतंय. मग दोघी एकाच फाइलीत लिहितात. चूक माझ्या प्रोग्रॅमची हाय."

झुंबरबाईंनी उगाच पदर सारखा केला. घरातल्या घरात बोलल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी थेट पद्मजाच्या आईला फोन लावला होता. जावेवर जळती तुमची लेक, म्हणून साडी नासवली, हेच वळण लावलंत?

जुनी परवानगी फेकून द्यायची, लिहिण्याआधी पुन्हा विचारायचं, एवढं सईनं प्रोग्रॅममध्ये घातलं. मघासारखीच नेटची वायर काढली, परत लावली.

बाहेर हॉर्न वाजला. पद्मजानं बॅग उचलली.

"थांब की गं!" झुंबरबाई खेकसल्या आणि बोट दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हणतंय ते?"

"दुसरीकडं काम चालू आहे, थांबा."

आयुष्यात कुणासाठी न थांबलेल्या झुंबरबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. मग काठ उघडला. सगळे मोर अख्खे.

"आणिक एकदा. ह्या मशीनचा काय भरवसा?"

वायर निघाली, लागली. मोर अख्खे. पुन्हा. मोर अख्खेच.

पद्मजाचा भाऊ यशराज दारात आला. "ताई, निघायचं?"

झुंबरबाई उठल्या. पद्मजाच्या हातातली बॅग काढून खुर्चीवर ठेवली आणि चपलांत पाय सरकवले.

"चला पावणं. ती न्हाय, मी येतीया."

"तुम्ही? कुठं?"

"तुमच्या आईकडं. बोलायचंय. फोनवर न्हाय जमायचं."