शेऱ्याचा रकाना

आमच्या हेडसरांनी एकतीस वर्षांत हजारो दाखल्यांवर सह्या केल्या. शाळेचा कारकून म्हणून वर्तणुकीच्या रकान्यात मी डोळे मिटून 'चांगली' लिहायचो. काचा फोडणारा असो की मास्तरांच्या खुर्चीला डिंक फासणारा, सर म्हणायचे, "पंधरा वर्षांच्या पोरावर कायमचा शिक्का मारणारे आपण कोण?"

'असमाधानकारक' एकदाच लिहिलं गेलं, ते त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या दाखल्यावर. परीक्षेत तिघं मिळून कॉपी करताना सापडले होते. दोघांना समज देऊन सोडलं. घरच्याला मात्र काढून टाकलं, कारण लोक काय म्हणतील. तेव्हा मीही शेपूट घालून बसलो. मुलगा मामाकडे गेला, तो पुन्हा घरी आलाच नाही. त्याला बावीस वर्षं झाली.

सर निवृत्त व्हायला चार दिवस उरले असताना तो ऑफिसात आला. कानशिलावर केस पिकलेले. बढतीसाठी शाळेचा दाखला हवा होता आणि जुना हरवला होता. "अर्ज लिहून द्या," मी म्हणालो. ज्याला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं, त्याला मी 'द्या' म्हणत होतो. माझाच मला राग आला.

नियम असा, की दुसरी प्रत रजिस्टरात असेल तशीच द्यायची. तरी मी बेधडक 'चांगली' लिहिलं. म्हटलं, आता कोण विचारतंय. सरांनी कागद वाचला आणि फाडला.

"रजिस्टर आणा."

"सर, छातीत काळीज आहे की धोंडा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज चढला.

ते कोरा फॉर्म घेऊन स्वतःच लिहायला बसले. वर्तणूक, असमाधानकारक. मुलगा समोर उभाच होता, त्याला बस म्हणायचंही आम्हाला सुचलं नाही. मग सर खालच्या शेऱ्याच्या रकान्यात आले आणि सावकाश लिहू लागले. 'वरील नोंद अन्यायाची आहे. ती मी स्वतःचं नाव राखण्यासाठी केली.' खाली सही केली, शिक्का मारला.

मुलाने वाचलं. दोनदा वाचलं असावं, मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.

"हा साहेबांना दाखवता यायचा नाही," तो म्हणाला.

"नाही यायचा. पण खरं एवढंच आहे."

"बढतीचं बघू नंतर. हा घरी नेतो. पोरं विचारतात, आजोबा कुठे असतात म्हणून. मी आपली वेळ मारून नेतो."

पटावरच्या नऊशे मुलांची नावं सरांना तोंडपाठ होती, बापांच्या धंद्यांसकट. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं. "आणि नावं काय त्यांची?"